तेलात कालवलेलं कुंकू

सर,

आम्ही तिघं परत भेटलो. पॉलिटेक्निकच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये खिडकीजवळच्या लेथवर जे तीन जण असायचे, तेच. एक निघोजे गावचा, सायकलवर येणारा, ज्याच्या डब्यातली अर्धी भाकरी तुम्ही हक्काने मोडून घ्यायचात. एक लातूरचा, निगडीला खोली करून राहणारा आणि इंग्रजी पुस्तक उघडलं की घाम पुसणारा. आणि मी, मेकॅनिकलच्या अख्ख्या वर्गातली एकुलती एक मुलगी. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्या जागेवर आलेले सरही रिटायर झाले. तरी लिहायला बसले ती तुम्हालाच. खरं म्हणजे आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला तुमच्याबद्दल चार ओळी लिहून दे, असं लातूरच्याने मला बजावलं होतं. त्यासाठीच कागद घेतला. पण पहिलाच शब्द 'सर' असा पडला आणि पुढचं सगळं तुमच्याशी बोलल्यासारखंच यायला लागलं. मग ते चार ओळींत काही मावेना.

निघोज्याच्याचा फोन आला तो घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. नंबर माझ्याकडे नव्हता आणि आवाजही ओळखला नाही, पण त्याने "ओळख बघू" वगैरे काही केलं नाही. सरळ म्हणाला, "खंडेनवमीला शॉपवर ये. शेवटची पूजा हाय." त्यांच्या गावची जमीन एमआयडीसीत गेली हे मला माहीत होतं. उरलेल्या तुकड्यावर त्याने शेड टाकली, चार लेथ बसवले आणि मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांसाठी पिना नि बुश, म्हणजे लोखंडाच्या आखूड नळ्या, करून द्यायला लागला, हेही उडत उडत ऐकलं होतं. बाकीचं त्याने फोनवर सांगितलं. मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगा बंगळुरूला कॉम्प्युटरवर आहे, त्याला लोखंडाचा वासही नको. दिवाळी झाली की भोसरीचा एक माणूस येऊन मशिनी उचलून नेणार. हे सगळं तो दुधाचा भाव सांगावा तसं सांगत होता. बंद का करतोस, असं विचारलं तर "आता न्हाई व्हत" एवढंच म्हणाला. मग म्हणाला, लातूरच्यालाही घेऊन ये, त्याला एकट्याला रस्ता सापडायचा नाही.

मी येते म्हणून मोकळी झाले. माझी काय हालत आहे तेही तुम्हाला सांगायला हवं. चिंचवडच्या ज्या कंपनीत तुमची विद्यार्थिनी म्हणून मला घेतलं, तिथेच मी इन्स्पेक्शनला राहिले. माल बघायचा, बसत असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर बाजूला काढायचा. हेच काम, आणि सांगायला हरकत नाही, मी ते चांगलं केलं. मग कंपनीने इथलं बस्तान हलवलं आणि आम्हाला गुच्छ देऊन घरी पाठवलं. त्याला दोन वर्षं झाली. घरी तसं काही कमी नाही. नवरा भला माणूस आहे. भाजी स्वतः आणतो आणि खूप केलंस, आता आराम कर, असं म्हणतो. सगळेच म्हणतात. मी मान डोलावते आणि मग नव्या कुकरच्या झाकणाच्या कडेवरून नख फिरवते, आणि कड खरबरीत लागली की तो परत करून येते. निगडीतला भांड्यांचा दुकानदार हल्ली मला लांबून बघूनच आत जातो.

खंडेनवमीला सकाळी लातूरचा गाडी घेऊन घरी आला. पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहतो. डोक्यावर उरलेले केस काळे केलेत. पोटाबद्दल मी काही बोलत नाही, कारण तोही माझ्याबद्दल बोलला नाही. पण दार उघडताच "नमस्कार मॅडम, कशा आहात तुम्ही?" म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. ज्याने तीन वर्षं "ए, चावी दे" याशिवाय मला हाक मारली नाही, तो अहो-जाहो करतोय! मी म्हटलं, पुन्हा मॅडम म्हणालास तर रिक्षाने जाईन. तो लाजला. तळवड्याच्या चौकात आम्ही कंटेनरांच्या मध्ये जे अडकलो ते अडकलोच, आणि तिथे गाडीत बसून त्याने मला आपलं सगळं आयुष्य सांगून टाकलं. इंग्रजीला घाबरणारा हा माणूस पुढे प्लांटचा हेड झाला, जर्मनीला जाऊन आला, आणि एका सकाळी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोराने त्याला बोलावून 'थँक यू' म्हटलं. आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे. लिफ्टवाल्याच्या मागे लागतो, पाण्याच्या टँकरवर लक्ष ठेवतो. "पूर्वी हजार माणसं ऐकायची," तो म्हणाला, "आता प्लंबरसुद्धा ऐकत नाही गं." तो 'गं' ऐकून मला बरं वाटलं. तिथून पुढे आम्ही पुन्हा वर्गातलेच झालो.

गाडीत तुमच्या पाटाचा विषय निघाला. पहिल्या आठवड्यात लेथ माझ्या छातीपर्यंत येतोय, हँडलवर हात ठेवायला मी टाचा उंचावतेय, आणि मागे सगळी पोरं खुदखुदतायत. तुम्ही फक्त माझ्या टाचांकडे बघून पुढे जाता. दुसऱ्या दिवशी मी येते तर मशिनसमोर पॅकिंगच्या फळ्यांचा एक पाट, चारी कोपरे घासून गुळगुळीत केलेला. एकाने विचारलं, सर, ही जेवायला बसणार का? तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, "मशिनला कळत नाही कोण कशावर उभं आहे. त्याला हात कळतो." दिवाळीपर्यंत वर्गातले बुटके तीन मुलगेही तो पाट ओढून घ्यायला लागले आणि मला माझ्याच पाटासाठी भांडावं लागायचं. लातूरचा म्हणाला, मीही त्यातला एक होतो. मला ते आठवतच नव्हतं.

शेड नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. आम्ही पोचलो तेव्हा फरशी धुऊन झाली होती, मशिनी पुसून चकचकीत केल्या होत्या आणि निघोज्याचा स्टुलावर बसून झेंडूची माळ ओवत होता. बारीक झालाय. उठताना मांडीवर हात टेकवून उठतो. आम्हाला बघून तो काही धावत आला नाही. "आलात व्हय," म्हणाला आणि माळेची दुसरी बाजू माझ्या हातात दिली. पुढचा बराच वेळ आम्ही तिघं नुसते झेंडू ओवत बसलो. इतक्या वर्षांनी भेटल्यावर माणसं काय बोलतात कोण जाणे, आम्ही तर दोरा संपला, सुई दे, एवढंच बोलत होतो आणि त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं. मग त्याची बायको ताट घेऊन आली. व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने, सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांच्यावर फुलं वाहिली. आणि वहिनींनी वाटी पुढे केली, तर त्यात कुंकू तेलात कालवलेलं.

मी वाटीकडे बघत राहिले. लातूरच्यानेही बघितलं. वहिनींना विचारलं, हे तेलात का? त्या म्हणाल्या, "आमच्यात हीच रीत हाय ताई. लगीन करून आले तवापासनं बघते. मला वाटलं, ह्यांच्या घराण्यातली आसंल." त्यांच्या घराण्यातली! सर, मी तिथे हसले ते इतकी हसले की कामगार वळून बघायला लागले.

तुम्हाला आठवत असेल. पहिल्या वर्षीची खंडेनवमी, आमचा उत्साह उतू चाललेला. आम्ही तिघांनी हळद-कुंकू चांगलं पाण्यात कालवून लेथच्या बेडवर, म्हणजे ज्या घासून आरशासारख्या केलेल्या पट्ट्यांवरून हत्यार धरणारा गाडा सरकतो त्याच पट्ट्यांवर, मोठं स्वस्तिक काढलं. वर ओली फुलं वाहिली. आणि दसऱ्याच्या सुट्टीला घरी गेलो. परत आलो तर फुलं सुकलेली, आणि त्यांच्याखाली आमचं स्वस्तिक तसंच्या तसं, गंजाचं. मी तर रडायच्या बेतात. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तीन ऑइलस्टोन काढून दिलेत, आणि अख्खी दुपार आम्ही हलक्या हाताने तो गंज घासत बसलो, जास्त दाब दिला की बेड खराब होतो म्हणून तुम्ही मागे उभे. संध्याकाळी निघताना म्हणालात, "देवाला पाणी चालतं, लोखंडाला चालत नाही. ज्याची पूजा करायची त्याचा स्वभाव आधी बघावा." पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः वाटीत कुंकवावर तेलाचे थेंब सोडलेत आणि बोट बेडला न लावता मशिनच्या रंगवलेल्या अंगाला लावलंत. मला वाटतं, तुमच्या शिकवण्यातलं तेवढंच मी जसंच्या तसं उचललं.

मीच काय, सगळ्यांनीच. लातूरच्याने सांगितलं की त्याने आपल्या प्लांटमध्ये तशी लेखी सूचनाच काढली होती, दर दसऱ्याला नोटीस बोर्डावर लागायची, आणि कंपनीने गुजरातमध्ये दुसरा प्लांट टाकला तेव्हा ती सूचना भाषांतर होऊन तिथेही गेली. निघोज्याच्याकडे शिकून ज्यांनी स्वतःची शॉपं टाकली, त्यांच्या बायकाही आता तेलाची वाटी घेऊन येतात. मला विचारलं, तू काय करायचीस? आमच्या इन्स्पेक्शनचं टेबल ग्रॅनाइटचं होतं, म्हणजे दगडाचं. त्याला जन्मात गंज चढायचा नाही. तरी मी दरवर्षी घरून तेलातलं कुंकू न्यायची. हे सांगितल्यावर दोघंही हसले, आणि मग निघोज्याचा म्हणाला, सरांना एकदा सांगायला पाहिजे होतं. तुमची आठवण आली, सर. आम्हाला तिघांनाही, एकाच वेळी आणि फार आली.

जेवायला पुरणपोळी आणि कटाची आमटी. शेडमध्येच पंगत बसली, कामगार आणि आम्ही एका रांगेत. पहिली पोळी झाल्यावर लातूरचा निघोज्याच्याकडे बघून म्हणाला, हिला आता सांगायचं का? निघोज्याचा म्हणाला, "सांग की. आता काय सर मारत्यात व्हय?" आणि मग मला कळलं की पहिल्या महिन्यात तुम्ही या दोघांना स्टोअररूममध्ये बोलावून घेतलं होतं. लातूरच्याला तुमचे शब्द पाठ होते. "ती पोरगी एकटी आहे. तिच्या मशिनवर जा आणि शेजारी उभे राहा. मदत करू नका, मदत केलीत तर ती शिकायची नाही. नुसते उभे राहा." आणि हे तिला कधी कळता कामा नये, अशी तंबीही दिली होतीत.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. एवढी वर्षं मी माहेरी, सासरी, कंपनीत सगळ्यांना सांगत आले की पोरांनी भरलेल्या वर्गात दोन जण आपण होऊन माझ्या मशिनवर आले. माझ्या आयुष्यातली ती एक गोष्ट मी स्वतः कमावलेली समजत होते, आणि ती तर नेमून दिलेली निघाली. मी पोळी मोडायची थांबले. लातूरचा घाबरून आमटी वाढायला लागला. निघोज्याचा मात्र खाली मान घालून जेवत होता. त्याने घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सरांनी पयल्या महिन्यात सांगितलं हुतं. सहामाही झाल्यावर म्हणाले, आता कुठल्याबी मशिनवर जा. मग आमी कुठं गेलो?"

ते कुठेच गेले नव्हते. मला जागेवर बसवेना, म्हणून हात धुऊन मी शेडमध्ये फिरायला लागले. मागच्या भिंतीला तयार मालाचे क्रेट लावून ठेवले होते, दसऱ्यानंतर गाडीत चढायचे. माझं सगळं लक्ष तुमच्याकडे होतं. मनात तुमच्याशी भांडत होते, तुमचे आभार मानत होते, पुन्हा भांडत होते. मोजायची हत्यारं फुलांखाली पूजेत होती, त्यांना आज कुणी हात लावणार नव्हतं. मी काही मोजत नव्हतेच. नुसता एक बुश उचलला, कडेवरून नख फिरवलं, नख अडलं, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. किती वेळ गेला कळलं नाही. वळून बघते तर निघोज्याचा मागे उभा, आणि माझ्या पायाशी बाजूला काढलेल्या मालाचा ढीग.

मग त्याने सांगितलं की शॉप का बंद होतंय. ऑपरेशनचं कारण लोकांना सांगायला होतं. माल माघारी येत होता. त्याचा इन्स्पेक्शनचा जुना माणूस मोठ्या कंपनीत गेला, त्यानंतर जे आले ते याच्या तोंडाकडे बघून माल पास करायचे. मालक उभा आहे, गाडी थांबली आहे, कोण कशाला वाईट होईल? आणि हा असा मऊ की स्वतःच्या कामगाराने केलेला बुश स्वतः रिजेक्ट करताना याचा जीव खालीवर होतो. माल घेणाऱ्या दोन पार्ट्या तुटल्या. तिसरीने या दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. "मशिनी चालवाया माणसं हायेत," तो म्हणाला. "मला न्हाई म्हणणारं माणूस न्हाई." मी ढिगाकडे बघितलं. त्यानेही बघितलं. "येशील का?" त्याने विचारलं.

मी लगेच काही बोलले नाही. तो वाट बघत राहिला. मग मी म्हटलं, आले तर आधी हा सगळा क्रेट परत फिरवीन. तो म्हणाला, म्हणूनच तर विचारतोय. तेवढ्यात लातूरचा हातात पान घेऊन आला आणि काय ठरलं ते ऐकून म्हणाला की पार्टीशी बोलायला मी जातो, मला त्या लोकांची भाषा येते, आणि काही झालं तरी लिफ्टवाल्यापेक्षा बरं. निघोज्याच्याने त्याच वेळी भोसरीच्या माणसाला फोन लावला. दिवाळीनंतर मशिनी न्यायला येऊ नका, एवढंच सांगितलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून मी जातेय, सर. लातूरचा गाडीने नेतो आणि तळवड्याच्या चौकात रोज सरकारला शिव्या देतो. पहिल्याच दिवशी मी अर्ध्याहून जास्त माल बाजूला काढला. कामगारांची तोंडं बघण्यासारखी झाली. एकाने मालकाकडे दाद मागितली, तर निघोज्याचा "बाई म्हणत्याल ते" म्हणून बाहेर निघून गेला. आता दुसरा आठवडा चालू आहे आणि ढीग लहान होतोय. शॉप वाचेल की नाही ते दिवाळीला कळेल. नाही वाचलं तर तिघं मिळून बंद करू. पण मला वाटतं, वाचेल.

हे मी ग्रुपवर टाकणार नाही. त्यांच्यासाठी चार ओळी वेगळ्या लिहीन, तुम्ही शिस्तीचे होतात, तुम्ही प्रेमळ होतात, जे सगळेच लिहितात ते. स्टोअररूममधल्या त्या बोलण्याबद्दल तर अजिबात लिहिणार नाही. ते आमचं तिघांचं आणि तुमचं. तुमच्यामुळे मला काम मिळालं याबद्दल मी तेव्हाच पेढे आणले होते. तुमच्यामुळे मला ही दोन माणसं मिळाली हे कळायला मात्र पन्नाशी उलटावी लागली. त्याचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

आणि एक गोष्ट. निघोज्याचा समजतो की मी त्याच्यासाठी आले. वहिनींनी परवा माझी ओटी भरली आणि ताई, तुमचे उपकार, असं काय काय म्हणाल्या. मी गप्प बसले. तुमच्यापुढे मला तसं गप्प बसता येत नाही. गेली दोन वर्षं, सकाळचा स्वयंपाक आटोपला की मी हात धुऊन, पुसून, खुर्चीत बसून राहायची. कुणीतरी बोलवेल म्हणून. हे नवऱ्यालाही माहीत नाही. शेडमध्ये त्याने "येशील का" असं विचारलं, तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही, आणि त्याला वाटलं मी विचार करतेय. सर, माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता.